जकात हातानं द्यावी का संस्थेत? संस्थेत देणारा नेमकं कशामुळं देतो, मोकळं बोला

पेठेतला_बागवान (धागाकर्ता)

सलाम, नमस्कार सगळ्यांना. रमजान तोंडावर आलाय म्हणून जकातीचा, म्हणजे मुसलमानानं दरवर्षी गरजूंसाठी काढायच्या सक्तीच्या दानाचा, विषय काढतोय. आमच्या मोहल्ल्यात एक छोटी बैतुलमाल (समाजाचा मदतनिधी) कमिटी हाय, काही पोरं, जुनीजाणती चार माणसं आणि एक रिटायर मास्तर मिळून चालवतात, मी पण त्यात असतो. दरवर्षी बघतो की काही घरं आपली सगळी जकात बिनबोभाट कमिटीत आणून देतात, काही निम्मी देतात, आणि काही लई चांगली, पाच वक्त नमाजी, दिलदार माणसं पण कमिटीला एक रुपाया देत नाहीत, म्हणतात आमचं आम्ही हातानं देतो. भांडण कुणाशीच नाही, हातानं देणं पण बरोबरच हाय. पण जो संस्थेत देतो तो का देतो हे मला समजून घ्यायचंय, कारण त्यावर पुढचं सगळं काम अवलंबून हाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, नाहीतर तेवढ्या किमतीची रोकड, व्यापाराचा माल, असं ज्याच्याकडं कर्ज आणि गरजा वजा जाता चांद्रवर्ष भरून उरतंय त्यानं अडीच टक्के काढायचे. लाखाला अडीच हजार. सोन्याचा भाव धरला तर लई जण सुटतात आणि चांदीचा धरला तर साधा पगारदार पण त्यात बसतो, म्हणून रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की आमच्याकडची माणसं कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, फोन करून चांदीचा दर विचारायला लागतात.

माझं मत आधीच मांडतो. पावतीसाठी कोण देत नाही, टॅक्ससाठी तर नाहीच नाही. मला सगळ्यात मोठं कारण हे दिसतंय की घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंड बघायला लागू नये. आमच्यात सफेदपोश म्हणतात तशी घरं असतात, कपडे स्वच्छ, दारात पडदा, पोरं शाळेत, आणि आत डब्यात पीठ नाही. ही माणसं मरतील पण मागणार नाहीत. कुरआनात सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अगदी हीच माणसं हायत, मागत नाहीत म्हणून अजाण माणसाला ती सधन वाटतात. आता अशा घरात मी स्वतः पाकीट घेऊन गेलो तर उद्यापासून ती बाई मला रस्त्यात बघून पदर सावरून दुसऱ्या गल्लीनं जाणार. आमच्या रजिस्टरात नावं नसतात, नंबर असतात. नंबर कुणाचा हे लिहिलेली वही फक्त मास्तरांकडं. शाळेची फी शाळेत भरली जाते, औषधाचं बिल मेडिकलवाल्याला जातं, महिन्याचं किराणा दुकानातनं बाकीच्या गिऱ्हाइकासारखं पिशवीत जातंय. एकाच गल्लीत देणारा आणि घेणारा राहतात, ईदला गळ्यात गळे घालतात, दोघांनाही पत्ता नसतो. हे हातानं देऊन होत नाही.

तुमचं काय मत?

आपा_राजारामपुरी

बागवान भाई, मुद्दा पटला पण निम्माच. आधी नातेवाईक. हदीस साफ आहे, गरीब नातेवाईकाला दिलं तर सवाब (पुण्य) दुप्पट, एक सदक्याचा, म्हणजे दानाचा, आणि एक नातं जोडून ठेवल्याचा. आई-वडील, मुलं, नवरा यांना जकात देता येत नाही पण बहीण, भाऊ, मावशी, चुलता गरजू असतील तर त्यांचा हक्क पहिला. घरातली बहीण अडचणीत असताना कमिटीत पैसे टाकून यायचं हे मला पटत नाही.

पण बायकांच्या बाजूनं एक गोष्ट सांगते जी पुरुषांच्या ध्यानात येत नाही. बाईचं सोनं हे बाईचं असतं आणि त्याची जकात पण तिच्यावर असते, नवऱ्यावर नाही. आता लग्नात आलेले दहा-बारा तोळे कपाटात आहेत, हातात रोकड नाही, महिन्याच्या खर्चातून वाचवून वाचवून जकात काढायची. ती द्यायची कुणाला हे पण घरातलेच ठरवतात, सासूच्या माहेरच्या कुणाला, नाहीतर दिराच्या ओळखीच्या मदरशाला. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी संस्थेत देतात ते एवढ्यासाठीच, की तिथं स्वतःच्या मर्जीनं देता येतं. मोबाईलवर क्यूआर स्कॅन केला, विद्यार्थिनींच्या फीसाठी असं लिहिलं, झालं. कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको. ज्या कमिटीत एक तरी बाई बसलेली असते तिथं बायका जास्त देतात हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, कारण विधवा किंवा सोडलेली बाई आपली खरी अडचण मास्तरांना सांगेल का आपाला?

हुपरीकर

माझं कारण लई साधं हाय, हिशोब. आमचा चांदीचा धंदा. घरात पडलेली सगळी चांदी आमची नसती, व्यापाऱ्यानं पैंजण करायला दिलेली असते, काही उधारीत अडकलेली असते, काही भट्टीत. त्यातलं माझं किती आणि त्यावर जकात किती हे एकट्यानं ठरवलं तर माणूस आपल्या बाजूनंच मोजतो, मन तसंच असतंय. मी जिथं देतो तिथं रमजानच्या आधी एक मुफ्तीसाहेब (धर्मशास्त्राचे जाणकार) बसतात, वही उघडायची, ते प्रश्न विचारतात, येणी किती, येतील याची खात्री किती, देणी किती, आणि आकडा काढून देतात. मग तिथंच देऊन टाकतो. ज्या माणसानं हिशोब बरोबर करून दिला त्याच्यावर भरवसा बसतो आणि पैसे पण तिथंच जातात.

सीए_शाहूपुरी

टॅक्सबद्दल बागवान म्हणतात ते आकडेमोडीनंही बरोबर आहे. बऱ्याच जणांना वाटतं की ट्रस्टला दिलं की ८०जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची वजावट, मिळतं. एक तर एखाद्या ठराविक धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठीच असलेल्या संस्थेला साधारणपणे ८०जी मिळतच नाही. दुसरं म्हणजे २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर वजावट नाही. तिसरं, पगारदार मंडळी आता बहुतेक नव्या रेजीममध्ये आहेत, तिथं ८०जीचा फायदाच नाही. म्हणजे आपल्याकडं संस्थेत जकात देणारा माणूस सरकारकडून काही मिळावं म्हणून देत नाही हे उघड आहे. मलेशियात वेगळं आहे, तिथं जकात भरली की तेवढी रक्कम थेट इन्कम टॅक्समधून वजा होते, पगारातून कापून घ्यायची सोय आहे, प्रत्येक राज्याची स्वतःची व्यवस्था आहे. क्वालालंपूरला १९९१ मध्ये जकात गोळा करायला कंपनीसारखं वेगळं केंद्र काढलं, काउंटर, पावत्या, शिकलेला स्टाफ, आणि वसुली चांगली वाढली. सोय आणि सवलत दोन्ही असली की लोक येतात.

मात्र माझ्याकडं येणारे मुस्लिम क्लायंट एक गोष्ट हल्ली नक्की विचारतात, की संस्था धर्मादाय आयुक्तांकडं रजिस्टर आहे का, ऑडिट झालंय का, खातं ट्रस्टच्या नावावर आहे का कुणाच्या स्वतःच्या. दहा वर्षांपूर्वी हे कोण विचारत नव्हतं. तरुण मुलं तर ऑडिट रिपोर्टच मागतात.

सदर_बाजार

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी संस्थेत देणं बंद केलं. एका बाहेरगावच्या संस्थेचा माणूस दर रमजानला पावतीपुस्तक घेऊन यायचा, आम्ही बिनाविचार द्यायचो, नंतर कळलं की जमेल त्यातलं निम्मं त्याचंच. आणि अजून एक ठिकाण, तिथं रेशनचं किट देताना म्हातारीच्या हातात पिशवी, बाजूला चार पदाधिकारी, फोटो, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला. ती म्हातारी आमच्या अब्बांच्या दोस्ताची बायको. अब्बांनी फोटो बघितला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. बागवान म्हणतो संस्थेत इज्जत राखली जाते, मी म्हणतो ती संस्थेवर अवलंबून हाय. सूरह बकरातच २७१ मध्ये हाय न्हवं, उघड दिलं तरी चांगलं, पण लपवून गरिबाला दिलं तर जास्त चांगलं.

मदरशातला_मुदर्रिस

सदर बाजारवाल्या भाईंचं दुःख रास्त आहे. टक्केवारीवर चंदा गोळा करणं बऱ्याच मुफ्तींनी नाजायज ठरवलंय, पगार द्या, पण जमेल त्यातला हिस्सा ठरवू नका. फोटोबद्दल तर काय बोलायचं.

पण संस्था ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असं कुणी समजू नये. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितलेत, फकीर, मिस्कीन (दोन्ही गरीब-गरजू), आणि तिसऱ्या नंबरवर जकात गोळा करणारे कर्मचारी, त्यानंतर कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले मुसाफिर वगैरे. म्हणजे गोळा करणारी, वाटणारी व्यवस्था असणार हे मुळातच धरलेलं आहे. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी जकात द्यायला नकार देणाऱ्या कबिल्यांशी लढाई केली. पुढं तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात गुरंढोरं, शेतीमाल असं उघड दिसणारं धन सरकार वसूल करत राहिलं आणि घरातली रोकड, सोनं-चांदी यांची जकात लोकांवर सोपवली, कारण घराघरात शिरून झडती घेणं बरोबर नव्हतं. आपल्याकडं जी हातानं द्यायची रीत आहे ती तिथून आलीय. दोन्ही रस्ते जुने आहेत.

मात्र संस्थेत देणाऱ्यानं एक गोष्ट तपासावी. हनफी फिकहमध्ये (इस्लामी धर्मशास्त्राच्या एका परंपरेत) जकात गरजूच्या मालकीची व्हायला पाहिजे, तमलीक म्हणतो आम्ही. मशिदीचा स्लॅब, मदरशाची भिंत, रस्ता, विहीर यात जकात चालत नाही, त्याला लिल्लाह आणि सदका, म्हणजे आपखुशीचं दान, आहे. ज्या संस्थेत दोन्हीची खाती वेगळी नाहीत तिथं माझ्यासारखा माणूस देणार नाही. आणि जिथं कॅशियर पैसे घ्यायच्या आधी विचारतो की जकात का लिल्लाह, तिथं माझं मन लगेच बसतं.

इचलवाला

मौलानांचा मान राखून आमच्या इचलकरंजीचं सांगतो. मे २०२०, लॉकडाऊन, रमजान, यंत्रमाग बंद, लोकांच्या हाताला काम नाही. त्या रमजानात आमच्या मुस्लिम समाजानं जकातीचे ३६ लाख रुपये गोळा करून आयजीएम हॉस्पिटलला १० बेडचा आयसीयू उभा करून दिला. ईदच्या दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी व्हिडिओवरून त्याचं उद्घाटन केलं. आता विचार करा, एरवी हातानं देणाऱ्या माणसांनी त्या वर्षी जकात समाजाच्या खात्यात का दिली? कारण एकट्यानं दिलेल्या पाच हजारात व्हेंटिलेटर येत नाही. गरज एवढी मोठी होती आणि डोळ्यासमोर होती की प्रत्येकाला कळत होतं की एकत्र आलो तरच काहीतरी होणार. बेड दिसतो, त्यावर कोण झोपणार हे कुणी विचारलं नाही, हिंदू असो मुसलमान असो. माझ्या मते संस्थेत देण्याचं हे सगळ्यात जबरदस्त कारण हाय, एकट्याच्या आवाक्याबाहेरचं काम.

मदरशातला_मुदर्रिस

भाई, त्या कामाला माझा सलामच आहे, त्या वेळी जीव वाचवणं पहिलं होतं. या मसल्यात उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत, आजच्या काळातल्या काही मोठ्या आलिमांनी लोकहिताच्या कामांना वाट मोकळी ठेवलीय. जे तमलीकला धरून आहेत ते असं करतात की इमारत आणि मशिनरी सदक्यातून, आणि गरीब पेशंटचं बिल जकातीतून. दोन्ही मिळून हॉस्पिटल चालतं.

रंकाळाकाठ

मी हिंदू आहे, चुकीचं विचारत असेन तर सांभाळून घ्या. धागा वाचून खूप काही कळलं. दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंग रोज बघतो, शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि अध्यक्ष ते स्वतः झाले, हे शाळेत शिकलो. मला विचारायचंय की शिक्षणासाठी असं मोठं काही उभं करायला आज लोक देतात का, का सगळं रेशन किट आणि इफ्तारवरच जातं? आणि जकात दुसऱ्या धर्माच्या माणसाला चालते का?

पेठेतला_बागवान

दादा, यात चुकीचं काहीच नाही. बहुतेक उलेमा म्हणतात जकात मुसलमान गरजूला, आणि सदका कुणालाही. २०१९ च्या महापुरात बकरी ईद १२ ऑगस्टला आली, पाणी अजून उतरायचं होतं. आमच्या इथं लई घरांनी कुर्बानीवरचा जादाचा खर्च आवरून पूरग्रस्तांना दिला, त्यात कोण कुठल्या जातीचं हे कुणी बघितलं नाही, चिखल काढायला पोरं सगळ्यांच्या घरात गेली. तो पैसा सदक्याच्या खात्यातला होता, जकातीला हात लावला नव्हता, मास्तर त्या बाबतीत लई कडक हायत.

शिक्षणाचं म्हणाल तर तुमचं बोट बरोबर दुखऱ्या जागेवर पडलंय. रमजानात लोकांना भूक दिसते, फी दिसत नाही. पाचशेचं किट दिलं की समाधान लगेच मिळतंय. नर्सिंगच्या पोरीची वर्षाची फी भरली तर तिचा पगार सुरू व्हायला तीन-चार वर्षं जातात. आमच्याकडं अशा दोन पोरी शिकून लागल्या, आणि त्यातल्या एकीनं पहिल्या वर्षाच्या पगारातनं स्वतःची जकात काढून कमिटीत आणून दिली. घेणारी देणारी झाली हे ज्या दिवशी लोकांना (नाव न सांगता) कळलं त्यानंतर शिक्षणाच्या खात्यात जास्त पैसे यायला लागले. रिझल्ट दिसला पाहिजे, मग माणूस संस्थेवर विसंबतो.

आखातात_कोल्हापूर

मी बाहेर असतो, माझं कारण अंतर. अब्बा होते तोवर मी त्यांना पैसे पाठवायचो, ते गल्लीत फिरून द्यायचे, त्यांना माहीत असायचं कुणाच्या घरात काय हाय. ते गेल्यावर मला गल्लीतलं कोण ओळखीचं राहिलं नाही. मग कमिटीच. आणि थोडी जकात मी निर्वासितांसाठी देतो, युनोच्या निर्वासित संस्थेनं २०१९ मध्ये जकात फंड सुरू केलाय, फतवे घेऊन, आणि जकातीतला पैसा पूर्णच्या पूर्ण निर्वासितांपर्यंत जातो असं त्यांचं धोरण हाय. सीरियातल्या किंवा रोहिंग्या कुटुंबाला मी हातानं कुठनं देणार?

इथं पाकिस्तानी दोस्त हायत, त्यांचं ऐकण्यासारखं हाय. तिथं १९८० पासून सरकार रमजानच्या पहिल्या तारखेला बँकेच्या बचत खात्यातनं अडीच टक्के कापायला लागलं. शिया लोकांनी त्याच वर्षी इस्लामाबादेत मोठं आंदोलन करून सूट मिळवली, आणि बाकीचे पण रमजानच्या आधी खातं रिकामं करून ठेवायला शिकले. आणि तीच माणसं अब्दुल सत्तार ईधींच्या संस्थेला आपण होऊन द्यायची. ईधी आपल्या गुजरातेतल्या बांटव्याचे, १९५१ मध्ये कराचीत छोटा दवाखाना काढला, स्वतः अॅम्ब्युलन्स चालवायचे, बेवारस मयत स्वतः धुवायचे, दोन जोडी कपड्यात राहायचे. लोकांना माणूस दिसत होता. सरकारी खात्यात कोण दिसतंय?

सदर_बाजार

आखातवाल्या भावानं माझ्या मनातलं सांगितलं. भरवसा माणसावर बसतो, मग त्याच्या संस्थेवर. माझी एवढीच मागणी हाय की कमिटीचा माणूस आमच्यातच राहणारा पाहिजे, रस्त्यात भेटला पाहिजे, त्याला थांबवून विचारता आलं पाहिजे. बागवान, तुमच्यात हिशोब कुठं बघायला मिळतो?

पेठेतला_बागवान

ईदनंतर मशिदीच्या नोटीस बोर्डावर कागद लागतो. जकात किती आली, फितरा (ईदच्या आधी द्यायचं दान) किती, लिल्लाह किती, कुठल्या कामात किती गेली, शिल्लक किती. नावं कुणाचीच नाहीत, देणाऱ्याची पण नाहीत. बिलांची फाईल मास्तरांकडं, कुणीही जाऊन बघावी. पहिल्या वर्षी कागद लावला तेव्हा आमच्यातल्याच काहीजणांनी विरोध केला, म्हणाले लोकांचा विश्वास हाय, कशाला उगाच. मास्तर म्हणाले, ही अमानत हाय, अल्लाहला हिशोब द्यायचाच हाय तर मोहल्ल्याला द्यायला काय जातंय. फोटो तर सोडाच, किट वाटायच्या दिवशी मोबाईल बाहेर ठेवायचा नियम हाय.

आपा_राजारामपुरी

भाई, एक अडचण सांगते, तिच्यावर तोडगा काढा. सगळी जकात रमजानात येते, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, शाळा-कॉलेजची फी जूनमध्ये, आजारपण तर कधीही. जून आला की तुमच्यासारख्या कमिट्यांकडं पैसे नसतात आणि ज्या मुलीची अॅडमिशन अडते तिला पुढच्या रमजानपर्यंत थांबा म्हणता येत नाही. दर महिन्याला थोडी थोडी दिली तर चालते का, मौलाना?

मदरशातला_मुदर्रिस

चालते. जो निसाबचा, म्हणजे जकात लागू होते तेवढ्या संपत्तीचा, मालक आहे तो वर्ष पूर्ण व्हायच्या आधी आगाऊ जकात देऊ शकतो. दर महिन्याला जकातीच्या नियतनं द्यायची, लिहून ठेवायची, आणि आपली तारीख आली की पूर्ण हिशोब करून कमी पडली असेल ती भरायची, जास्त गेली असेल तर पुढच्या वर्षात धरता येते. रमजानात सवाब जास्त म्हणून लोक थांबतात, ते समजतं, पण ज्याचं जकातीचं वर्ष रज्जबमध्ये भरलं त्यानं रमजानची वाट बघत महिना-दोन महिने थांबू नये. फितरा मात्र वेगळा, तो माणशी पावणेदोन-दोन किलो गव्हाच्या किमतीएवढा, ईदच्या नमाजाआधी पोचला पाहिजे.

हुपरीकर

मी महिन्याला द्यायला तयार हाय. धंद्यात एकदम मोठी रक्कम काढायची म्हंजे लगीनसराईत माल भरायला अडचण येते, हप्त्यानं सोपं जाईल. तेवढा हिशोब मुफ्तीसाहेबांकडनं करून घेतो.

पेठेतला_बागवान

मग मास्तरांशी बोलतो. महिन्याच्या जकातीचं खातं वेगळं काढू, त्यातलं शिक्षण आणि औषधाशिवाय कशाला वापरायचं नाही असं ठरवू. आपा, तुम्ही म्हणताय तशी कमिटीत बाई पाहिजे हे मी या शुक्रवारच्या बैठकीत मांडतोच, पण नुसतं मांडून उपयोग नाही, कुणीतरी तयार पाहिजे. तुम्ही याल का? सदर बाजार भावा, तू पण ये, पैसे देऊ नकोस, फाईल बघ आणि काय चुकतंय ते तोंडावर सांग.

आपा_राजारामपुरी

येते. बरोबर अजून एकीला आणते, ती शाळेत क्लार्क आहे, फीचं सगळं तिला कळतं.